प्रोबायोटिक गोळ्या तोंडात टिकाव्यात यासाठी काय करावे

मुखदुर्गंधीसाठी प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणू असलेल्या) गोळ्या घेणारे कित्येक जण त्या पाण्याबरोबर गिळतात आणि महिन्याभराने ‘काही उपयोग नाही’ असे जाहीर करतात. जिवाणू पोटात आणि दुर्गंधी जिभेवर, असा हा प्रकार आहे.

गोळी निवडताना वेष्टनावर वाणाचे, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या उपप्रकाराचे, नाव पाहावे. दुर्गंधीसाठी स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हॅरिअस के१२ हा वाण घ्यावा. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील जॉन टॅग यांच्या संशोधनातून तो पुढे आला. हिरड्यांच्या सुजेसाठी लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचा अधिक अभ्यास झाला आहे. ‘रोज वाटीभर दही खा, झाले’ हा सल्ला मात्र सोडून द्यावा. दही आहारात चांगलेच, पण त्यातील जिवाणू तोंडात वस्ती करत नाहीत.

खरी मेख आहे ती जागा मोकळी करण्यात, आणि मलाही हीच पायरी जमायला सर्वांत जास्त वेळ लागला. जिभेच्या मागच्या भागावरील पांढरट थरात ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणू प्रथिने कुजवून हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू तयार करतात. के१२ सॅलिव्हॅरिसिन नावाचे पदार्थ सोडून काही जिवाणूंची वाढ रोखतो, पण आधी त्याला तेथे टेकायला मिळाले पाहिजे. म्हणून टंग क्लीनर जितका मागे नेता येईल तितका न्यावा. उमासा येऊ नये यासाठी जीभ पूर्ण बाहेर काढून श्वास सावकाश सोडत राहावे. के१२च्या एका गाजलेल्या चाचणीत गोळ्यांपूर्वी तीन दिवस क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या दिल्या होत्या. दंतवैद्याला विचारून तसे करता येते, मात्र टूथपेस्टच्या फेसाने या औषधाचा प्रभाव कमी होत असल्याने दात घासल्यावर अर्धा तास थांबावे. गोळ्या सुरू झाल्यावर या गुळण्या चालू ठेवणे हा शुद्ध वेडेपणा आहे: हे औषध नव्या जिवाणूंनाही मारते आणि फार दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पाडते. शेवटच्या गुळणीनंतरही ते काही तास तोंडात चिकटून राहते, त्यामुळे पहिली गोळी दुसऱ्या दिवशी रात्रीच घ्यावी.

झोपण्यापूर्वी दात घासून गोळी जिभेवर विरघळू द्यावी. चावू नये आणि त्यानंतर पाणीही पिऊ नये.

किडलेला दात किंवा हिरडीतील पू गोळीने बरा होत नाही, त्यासाठी दंतवैद्यच गाठावा. रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय या वाटेला जाऊ नये. मध्येच अँटिबायोटिक घ्यावे लागले, तर तेवढे दिवस गोळ्या थांबवून नंतर पुन्हा टंग क्लीनरपासून सुरुवात करावी.