लिनक्सवर डेटाबेस ड्रायव्हर बसवताना: नवीन लागलेल्यांसाठी

डेटा टीममध्ये नवीन आलेल्याला हे काम लगेच मिळतं, लिनक्स सर्व्हरवरून ओरॅकलला नाहीतर पोस्टग्रेसला कनेक्ट करून दे म्हणून, आणि बहुतेक जण थेट पायथनचा कोड उघडून बसतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की कोडला शेवटी हात लावा. आधी नेटवर्क, मग लायब्ररी, मग ड्रायव्हर मॅनेजर (प्रोग्रामला डेटाबेसच्या ड्रायव्हरशी जोडणारा, इथे युनिक्सओडीबीसी) आणि मगच तुमचा प्रोग्राम.

नेटवर्कचं लवकर उरकतं. एनसी कमांडने पोर्ट उघडा आहे का बघायचं, सहसा ओरॅकलचा १५२१, पोस्टग्रेसचा ५४३२, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३. नुसतं लटकून टाइमआउट झालं तर बहुतेक फायरवॉल असतो, त्या टीमला मेल टाका आणि तोवर पुढचं करा.

खरा वेळ खातात त्या लायब्ररी. युनिक्सओडीबीसी तुम्हाला सांगतं ‘कान्ट ओपन लिब, फाइल नॉट फाउंड’, आणि तुम्ही बघता तर ड्रायव्हरची डॉट एसओ फाइल (लिनक्सची शेअर्ड लायब्ररी) तिथेच आहे, परमिशनपण बरोबर, मग माणूस तीच फाइल पुन्हापुन्हा डाउनलोड करत बसतो. अशा वेळी सापडत नसते ती बऱ्याचदा त्या फाइलला लागणारी दुसरी एखादी लायब्ररी, आणि मेसेजमध्ये तिचं नावच नसतं. त्या एसओ फाइलवर एलडीडी (फाइलला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवा, ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ येईल तो तुमचा चोर. ओरॅकल इन्स्टंट क्लायंटच्या (ओरॅकलच्या क्लायंट लायब्ररींच्या) बाबतीत हा चोर पुष्कळदा लिबएआयओ निघतो. उबुंटू २४.०४ वर तर पॅकेज टाकूनही अडतं, कारण तिथे फाइलच्या नावाच्या शेवटी टी६४ लागलंय आणि क्लायंट जुनंच नाव शोधतो, मग जुन्या नावाची सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) करून द्यावी लागते.

लायब्ररीचा पाथ एलडी लायब्ररी पाथ या व्हेरिएबलमध्ये टाकून बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो पटत नाही. तुमच्या टर्मिनलवर चालतं आणि रात्री क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालताना) तेच स्क्रिप्ट पडतं, कारण क्रॉन बॅशआरसी वाचत नाही. रूट ॲक्सेस असेल तर इटीसीमधल्या एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून त्यात पाथ लिहा आणि एलडीकॉन्फिग चालवा, म्हणजे क्रॉन, सर्व्हिस, सगळ्यांना सापडतं.

मग ड्रायव्हर मॅनेजर. ओडीबीसीइन्स्टला मायनस जे देऊन चालवलं की तो नक्की कुठल्या आयएनआय फाइली वाचतोय ते दिसतं. हे आधी बघाच, कारण सोर्समधून बिल्ड केलेला मॅनेजर बऱ्याचदा युएसआर लोकलमधल्या फाइली वाचतो आणि आपण इटीसीमधल्या बदलत बसतो. आयएम००२ एरर आली तर बहुतेक वेळा भानगड इथेच असते, डीएसएनचं (आयएनआय फाइलमध्ये लिहिलेल्या कनेक्शनचं) नाव जुळत नाही किंवा फाइलच वेगळी. नंतर आयएसक्यूएल (युनिक्सओडीबीसीची टेस्ट कमांड) मायनस व्ही, ते कनेक्ट झालं की मगच पायथन उघडा. (नुसतं पायथनमधूनच ओरॅकल १२.१ किंवा पुढचं हवं असेल तर २०२२ मध्ये आलेलं पायथन-ओरॅकलडीबी बघा, त्याच्या थिन मोडला क्लायंट लायब्ररी लागतच नाही.)

आता आपल्या कामाचं. सिलेक्ट वन चाललं म्हणून थांबू नका, टेस्ट टेबलमध्ये मराठी नाव लिहून परत वाचा. एसक्यूएलप्लसमध्ये प्रश्नचिन्हं दिसली तर एनएलएस लँग या व्हेरिएबलमध्ये एएल३२यूटीएफ८ सेट आहे का बघा, आणि ते नीट होईपर्यंत खऱ्या टेबलमध्ये इन्सर्ट अजिबात करू नका, कारण प्रश्नचिन्ह होऊन आत गेलेलं नाव परत मिळत नाही. पोस्टग्रेसला ओडीबीसीचे दोन ड्रायव्हर येतात, त्यातला युनिकोडवाला घ्या, शेवटी डब्ल्यू असलेला. टेस्टला ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मी मुद्दाम टाकतो. यूटीएफ८मध्ये त्याचे ३० बाइट होतात, आणि ओरॅकलमध्ये व्हारचार२ या टेक्स्ट कॉलमची २० ही साइज डीफॉल्टने बाइटमध्ये मोजली जाते, त्यामुळे ओआरए-१२८९९ (व्हॅल्यू कॉलमपेक्षा मोठी) हा एरर येतो. हा ड्रायव्हरचा दोष नाही, डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) कॉलमची साइज कॅरॅक्टरमध्ये करून द्यायला सांगा.