स्मार्टवॉच नीट कसं वापरावं: जोडणीपासून घामेजलेल्या पट्ट्यापर्यंत

स्मार्टवॉचबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात: ‘पावलं भलतीच दाखवतं’ आणि ‘मेसेज यायचे बंद झाले’. पहिलीचं मूळ बहुधा मनगटावर सापडतं, दुसरीचं फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये. घड्याळ खरोखर बिघडलेलं क्वचितच असतं. खालची माहिती मुख्यतः दोन ते पाच हजार रुपयांची घड्याळं आणि अँड्रॉइड फोन धरून दिली आहे. महागड्या घड्याळांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

घेण्याआधी तीन गोष्टी तपासा

पहिली, फोनशी जुळतं का. ॲपल वॉच फक्त आयफोनबरोबर चालतं. सॅमसंगची गॅलक्सी वॉच ४ आणि त्यानंतरची घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत. दुसरी, जीपीएस. खोक्यावर नुसतं ‘जीपीएस’ लिहिलेलं पुरेसं नाही. ‘बिल्ट-इन’ असेल तर फोन घरी ठेवून फिरायला जाता येतं, ‘कनेक्टेड’ असेल तर घड्याळ फोनचंच जीपीएस वापरतं, म्हणजे फोन खिशात हवा. तिसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही, ती म्हणजे देवनागरी. दुकानातलं सुरू असलेलं घड्याळ घेऊन त्यावर मराठी मेसेज येईल असं बघा, त्यात ‘प्रश्न’, ‘श्रद्धा’, ‘किती’ असे शब्द असू द्या. काही घड्याळांवर नुसते चौकोन दिसतात, काहींवर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजव्या बाजूला जाऊन बसते. हे नंतर दुरुस्त होईल या भरवशावर घेऊ नका.

जोडणी

१. घड्याळ पूर्ण चार्ज करा. सुरुवातीचं अपडेट अर्ध्यात तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

२. पुस्तिकेतला क्यूआर कोड स्कॅन करूनच ॲप घ्या. मिळत्याजुळत्या नावांची ॲप बरीच असतात आणि चुकीच्या ॲपला घड्याळ सापडत नाही.

३. फोनच्या ब्लूटूथ यादीत घड्याळाचं नाव दिसेल, तिथून जोडू नका. ॲप उघडा आणि ‘डिव्हाइस जोडा’मधून जोडा. आधीच यादीतून जोडलं असेल तर तिथे ‘फरगेट’ करा आणि ॲपमधून पुन्हा सुरुवात करा. कॉलिंगच्या घड्याळात थोड्या वेळाने दुसरी विनंती येते. ती आवाजाच्या जोडणीची असते, ती मात्र स्वीकारा.

४. ॲप लोकेशन किंवा ‘जवळची डिव्हाइस’ अशी परवानगी मागेल, ती द्या. जुन्या अँड्रॉइडमध्ये लोकेशन बंद असलं की ब्लूटूथचा शोधच चालत नाही. कॉन्टॅक्टची परवानगी नाकारली तर कॉल येताना नावाऐवजी नंबर दिसतो, एवढंच.

५. उंची, वजन, जन्मसाल आणि घड्याळ कोणत्या हातात घालणार हे खरं भरा. अंतर आणि कॅलरी याच आकड्यांवरून काढल्या जातात. इथे घाईने ‘नेक्स्ट’ दाबत गेलात तर साठीच्या माणसाचा हिशोब पंचविशीतल्या तरुणाच्या मापाने होतो.

६. आता सर्वांत महत्त्वाचं. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या माहितीत जा आणि बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी या फोनांमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करावं लागतं. हे फोन बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतली ॲप बंद करतात. ॲप बंद पडलं की घड्याळाकडे मेसेज पोहोचवणारं कोणी उरत नाही.

जोडणी जमली का ते लगेच ठरवू नका. रात्रभर फोन तसाच पडून राहू द्या आणि सकाळी पहिला मेसेज मनगटावर येतो का ते बघा.

पट्टा: सगळे आकडे इथे ठरतात

घड्याळाच्या पाठीवर लुकलुकणारा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो. रक्त तो शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला तिथलं रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो. घड्याळ हा चढउतार मोजून ठोके सांगतं. घड्याळ आणि कातडी यांच्यामध्ये फट पडली की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि मोजमाप बिघडतं.

म्हणून घड्याळ मनगटाच्या उंचवट्याच्या हाडावर नको. तिथून बोटभर वर, कोपराच्या दिशेने घाला. पट्टा इतका आवळा की घड्याळ बाजूला सरकवलं तर खालची कातडीही सोबत सरकेल. व्यायामाला आणखी एक भोक घट्ट करा, व्यायाम संपला की सैल करा. हातात पाटल्या-बांगड्या असतील तर घड्याळ त्यांच्याही वर चढवा किंवा सरळ दुसऱ्या हातात घाला, कारण बांगडी आपटून घड्याळ सारखं हलत राहतं. मनगटावर गडद गोंदण असेल तर शाई प्रकाश अडवते, अशा वेळी हात बदलण्याशिवाय उपाय नाही. थंडीत पहाटे बोटं-मनगटं गार पडलेली असताना पहिली पाच-सात मिनिटं आकडे उड्या मारतात, ते सोडून द्या.

धावणाऱ्यांना एक वेगळाच घोळ भेटतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच ठोके १६५-१७० वर जाऊन तिथेच चिकटतात, दम मात्र तेवढा लागलेला नसतो. घड्याळाने ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडलेला असतो. धावताना मिनिटाला साधारण तेवढीच पावलं पडतात, म्हणून आकडा खराही वाटतो. पट्टा आवळा, घड्याळ थोडं वर सरकवा, एक मिनिट चालून पुन्हा धावा. तरीही तसंच होत असेल तर छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टा घ्या, घड्याळ तो जोडून घेतं की नाही हे आधी बघून.

शंका आली की बसून नाडीवर दोन बोटं ठेवा, ३० सेकंद मोजा, दुप्पट करा आणि घड्याळाशी ताडून बघा. आणि घड्याळ मनगटावर नसताना गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवलं तरी काही घड्याळं ठोके दाखवतात, हेही लक्षात असू द्या.

पावलं आणि अंतर

घड्याळ पाय मोजत नाही, हाताचा झोका मोजतं. त्यामुळे सामानाची ट्रॉली किंवा बाबागाडी ढकलताना, हात खिशात असताना किंवा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना पावलं कमी पडतात. उलट भजनात टाळ वाजवताना, ढोल-ताशा पथकाच्या सरावात किंवा खड्ड्यांतून दुचाकी नेताना बसल्या जागी पावलं वाढतात. स्वयंपाकघरातली ये-जा बऱ्याचदा मोजलीच जात नाही, कारण सलग काही पावलं पडून ताल जुळेपर्यंत घड्याळ ती खरी धरत नाही.

तपासायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर मनात मोजत २०० पावलं चाला. घड्याळात १९० ते २१० आली तर उत्तम समजा.

अंतर चुकत असेल तर पावलाची लांबी भरा. ४०० मीटरच्या मैदानी ट्रॅकवर सर्वांत आतल्या मार्गिकेतून दोन फेऱ्या नेहमीच्या चालीने मारा आणि पावलं मोजा. समजा १०८० आली, तर ८०० मीटर भागिले १०८०, म्हणजे एक पाऊल सुमारे ७४ सेंटिमीटर. हा आकडा ॲपमध्ये ‘स्ट्राइड’ किंवा ‘स्टेप लेंग्थ’ असेल तिथे टाका. ज्यांच्यात स्वतःचं जीपीएस आहे ती बरीच घड्याळं हे काम आपणच करतात.

दहा हजारांचं लक्ष्य १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राबरोबर रूढ झालं, ते डॉक्टरांनी आखून दिलेलं नव्हतं. पहिला आठवडा काहीही न बदलता घड्याळ नुसतं घाला. सरासरी चार हजार निघाली तर पाच हजारांचं लक्ष्य ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी पुढे सरका. पावलांपेक्षा मिनिटांवर नजर ठेवली तर जास्त बरं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतका दम.

व्यायाम नोंदवताना

फिरायला निघताना ‘वॉक’ मोड हाताने सुरू करा. मग घड्याळ ठोके सतत घेतं. आपोआप ओळखण्याच्या सोयीवर राहिलात तर ओळख पटेपर्यंत सुरुवातीची मिनिटं गेलेली असतात. जीपीएस वापरत असाल तर इमारतीच्या बाहेर, मोकळ्या आकाशाखाली अर्धा-एक मिनिट उभे राहा, चिन्ह लुकलुकायचं थांबलं की निघा. उंच इमारतींमधल्या गल्ल्यांत सिग्नल भिंतींवर आपटून येतो, म्हणून नकाशावर तुम्ही लोकांच्या घरांतून चाललेले दिसता. तो दोष घड्याळाचा नाही.

पर्वतीसारख्या टेकडीच्या पायऱ्या चढून ‘मजले’ शून्यच दिसले तर घड्याळात वायुदाबमापक नाही असं समजा. तो असेल तर सुमारे तीन मीटर चढ म्हणजे एक मजला धरला जातो.

व्यायाम हलका, मध्यम की जोरदार हे ॲप ठोक्यांच्या टप्प्यांवरून ठरवतं. या टप्प्यांसाठी बहुतेक ॲप २२० वजा वय हे सूत्र वापरतात. पंचेचाळिशीत कमाल १७५ येते, आणि मध्यम व्यायामाचा टप्पा त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे साधारण ११२ ते १३३. वय वाढेल तसं हे सूत्र कमाल कमी दाखवतं. दुसरं सूत्र आहे २०८ वजा वयाच्या ०.७ पट. पासष्टीला पहिलं १५५ देतं, दुसरं सुमारे १६२. ॲपमध्ये कमाल ठोके हाताने भरता येत असतील तर ज्येष्ठांनी दुसरं वापरावं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर दोन्ही सूत्रं बाद. गोळी ठोके वाढूच देत नाही, तिथे दमावरच चाला.

वजनं उचलताना मनगट वाकतं, मूठ आवळते, त्या वेळचे ठोके फारसे मनावर घेऊ नका. कॅलरी तर त्याहून ढोबळ. त्यांच्या हिशोबावर जास्तीचा वडापाव खाणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

झोप, ऑक्सिजन, बीपी, साखर

झोपेचे एकूण तास बऱ्यापैकी बरोबर येतात. ‘गाढ’ आणि ‘हलकी’ हे भाग अंदाजाचे असतात. निपचित पडून छताकडे बघत राहिलात तर तीही झोपच धरली जाते.

रोज बघण्याजोगा आकडा एकच: विश्रांतीतले ठोके. तोही दुसऱ्याशी नव्हे, आपल्याच मागच्या महिन्याशी ताडून. नेहमी ६२ असणारे ठोके सलग तीन दिवस ७० दिसले तर अपुरी झोप, येऊ घातलेला ताप, दारू किंवा अति व्यायाम यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता असते.

रक्तातला ऑक्सिजन बघताना हात टेबलावर ठेवून स्थिर बसा, बोलू नका. ८८ टक्के आलं आणि तुम्ही ठणठणीत असाल तर हात चोळून गरम करा आणि पुन्हा घ्या. उलट धाप लागत असताना घड्याळ ९७ दाखवत असेल तर त्यावर विसंबून घरी बसू नका.

बीपीचं मोजमाप दंडाला पट्टा बांधणाऱ्या यंत्राशी जुळवल्याशिवाय येत असेल तर तो नुसता अंदाज आहे. सॅमसंगच्या घड्याळातही ही जुळवणी दर २८ दिवसांनी पुन्हा करावी लागते. त्यावरून गोळीची मात्रा बदलू नका. आणि सुई न टोचता रक्तातली साखर दाखवणारं घड्याळ कोणी विकत असेल तर घेऊ नका: अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता, कारण त्यांतल्या एकालाही मान्यता नव्हती. मधुमेह्याने त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

ईसीजी असलेली महागडी घड्याळं ठोक्यांची एक विशिष्ट अनियमितता ओळखतात, हृदयविकाराचा झटका ओळखत नाहीत. छातीत दुखत असताना घड्याळात बघत बसण्यापेक्षा १०८ ला फोन लावा.

रोजच्या कामात

नोटिफिकेशन आधी सगळ्या ॲपची बंद करा, मग कॉल, एसएमएस आणि एखादं-दुसरं ॲप चालू करा. ‘सुप्रभात’वाले ग्रुप व्हॉट्सॲपमध्येच म्यूट करा, म्हणजे ते घड्याळापर्यंत पोहोचत नाहीत. ओटीपी मनगटावर उघडा पडतो, लोकलच्या गर्दीत शेजाऱ्यालाही दिसतो. मजकूर लपवायची सोय असेल तर वापरा.

कंपनाचा गजर ही खरी कामाची चीज आहे: बाजूचं माणूस जागं होत नाही आणि लोकलमध्ये डुलकी लागली तरी स्टेशन चुकत नाही. कणकेने हात भरलेले असताना मनगटावरून कॉल घेता येतो, पण त्याचा स्पीकर आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जातो. परीक्षेला जाताना घड्याळ घरीच ठेवा.

बॅटरी लवकर उतरत असेल तर रात्रभराचं ऑक्सिजन मोजमाप, सतत चालू राहणारा डिस्प्ले आणि हात उचलताच उजळणारी स्क्रीन, या क्रमाने बंद करत जा. झोपेत कूस बदलली की स्क्रीन पेटते, त्यासाठी रात्री स्लीप मोड लावा.

पाणी आणि घाम

पाण्याच्या दाबाचं माप म्हणून ‘५ एटीएम’ लिहिलं असेल तर तलावात पोहायला चालतं. नुसतं ‘आयपी ६८’ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) असेल तर पावसापुरतं आणि हात धुण्यापुरतं धरा. गीझरचं गरम पाणी, वाफ आणि साबण यांनी आतली रबरी सीलं खराब होतात, म्हणून आंघोळीला काढून ठेवलेलं बरं. समुद्रात गेलात तर नंतर गोड्या पाण्याने धुवा. पावसात स्क्रीनवर थेंब पडून आपोआप बटणं दाबली जातात, बाहेर पडण्याआधी वॉटर लॉक लावा, म्हणजे स्क्रीनचा स्पर्श बंद राहतो.

पट्टा आठवड्यातून दोनदा सौम्य साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवून घाला. मनगटावर पुरळ येतं ते बहुधा पट्ट्याखाली साचलेल्या घाम-साबणामुळे. दोन दिवस हात बदला, तरी थांबलं नाही तर कापडी पट्टा घ्या. घेताना घड्याळाचा पट्टा ज्यांत अडकतो त्या दोन कानांमधली रुंदी मोजा, ती बहुधा २० किंवा २२ मिलिमीटर असते.

चार्ज होत नसेल तर पाठीवरच्या पिना बघा. घामाने त्यांच्यावर हिरवट थर चढतो. कोरड्या कापसाच्या काडीने पुसा, सुई-चाकू लावू नका. फोनचा फास्ट चार्जर टाळा, साधा ५ व्होल्टचा पुरतो.

घड्याळ घरातल्या दुसऱ्या कुणाला देणार असाल तर आधी ॲपमधून ‘अनपेअर’ करा, मग घड्याळात फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटा झाला तर नव्या फोनला ते कधीकधी सापडत नाही. नव्या माणसाची उंची-वजन भरा, आणि त्यांचे विश्रांतीतले ठोके वाचायला दोन आठवडे थांबा.