आपला लेख किंवा छायाचित्र इंटरनेटवर परस्पर वापरले गेल्यास काय करावे

आपली निर्मिती दुसऱ्याच्या नावाखाली दिसताच तिथेच चारचौघांत जाब विचारण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण सावध झालेला माणूस मजकूर काढून टाकतो आणि त्याबरोबर पुरावाही नाहीसा होतो. आधी पानाचा पूर्ण पत्ता, तारीख व वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा आणि शक्य असल्यास ते पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर जतन करावे, म्हणजे त्रयस्थाकडेही नोंद राहते.

१८८६च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांत कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणीची अट नसते. तरी वाद झाल्यास निर्मिती आपली असल्याचे दाखवावे लागतेच. छायाचित्राची न कापलेली मूळ फाइल, तिच्यातील एक्झिफ माहिती (कॅमेरा, तारीख, वेळ यांची फाइलमध्ये आपोआप होणारी नोंद) आणि लेखाचे जुने मसुदे तेव्हा उपयोगी पडतात. समाजमाध्यमांवरील प्रतीतून ही माहिती बहुधा गळून गेलेली असते. वॉटरमार्कवर, म्हणजे चित्रावर उमटवलेल्या नावावर किंवा खुणेवर, फार विसंबू नये. तो कापणे फारसे अवघड नाही.

तक्रारीपूर्वी नक्कल नेमकी कशाची झाली आहे, हे थंड डोक्याने पाहावे. कॉपीराइट मांडणीला असतो, कल्पनेला नसतो. त्यामुळे त्याच विषयावर कोणी स्वतःच्या शब्दांत लिहिले असेल, तर मनाला कितीही लागले तरी तक्रार उभी राहत नाही. समीक्षेसाठी घेतलेल्या छोट्या अवतरणालाही बहुतेक कायदे मुभा देतात. शिवाय आपणच ती कृती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (ठरावीक अटींवर सर्वांना वापराची मुभा देणारा परवाना) दिली असल्यास, अटी पाळणाऱ्याकडून तो परवाना परत घेता येत नाही.

एवढे करूनही तक्रार रास्त वाटली, तर प्रथम संबंधितांना सौम्य पत्र लिहावे. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. न मिटल्यास संकेतस्थळाकडे सूचना द्यावी. अनेक मोठी संकेतस्थळे यासाठी अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट) या कायद्याची पद्धत वापरतात. सूचनेत मूळ कृतीची ओळख, नकलेचा नेमका पत्ता, आपला संपर्क, हा वापर विनापरवाना असल्याची प्रामाणिक खात्री, माहिती अचूक असल्याचे व आपण हक्कधारक असल्याचे निवेदन आणि स्वाक्षरी हवी. जाणूनबुजून खोटी सूचना देणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. मजकूर चुकीने काढला गेल्याची प्रतिसूचना समोरच्याने दिल्यास आणि आपण दावा दाखल न केल्यास, मजकूर साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत पुन्हा झळकतो. म्हणून न्यायालयात जाण्याची तयारी नसेल, तर श्रेय किंवा मोबदला यांबाबतची तडजोड पहिल्या पत्रातच सुचवणे अधिक व्यवहार्य ठरते.