स्कॅनरवर ‘लॉस्ट कम्युनिकेशन’ आलं तर काय तपासायचं

पावसाळा लागला की मालवणात माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचं दुखणंच बदलतं. मीटरवर एकदम चार-पाच दिवे पेटलेले, स्पीडचा काटा शून्यावर, स्टिअरिंग जड, आणि स्कॅनर लावला की ‘यू’ अक्षराचे, म्हणजे संपर्क तुटल्याचे, कोड रांगेने. बरेच जण तोवर कुठूनतरी ‘ईसीयू गेला’, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेला, असं ऐकून आलेले असतात. माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: सप्लाय, अर्थिंग आणि वायर तपासल्याशिवाय कुणालाही ईसीयू बदलू देऊ नका. बहुतेक गाड्यांत नवा ईसीयू किल्लीशी जुळवून प्रोग्राम करावा लागतो, पैसे हजारांत जातात, आणि कपलरातला (वायरी जोडणाऱ्या प्लगातला) हिरवा गंज तसाच राहिला तर दुखणं पुन्हा दारात.

आधी कोड नीट वाचा. गाडीत कामागणिक वेगळे छोटे कॉम्प्युटर असतात, तीच मॉड्यूल. यू ०१०० म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. यू ०१०१ गिअरबॉक्सचा, यू ०१२१ एबीएसचा (ब्रेकचा), यू ०१४० बॉडी कंट्रोलचा, यू ०१५५ डॅशबोर्डवरच्या मीटरचा. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हा कोड हरवलेल्या मॉड्यूलने लिहिलेला नसतो, बाकीच्यांनी त्याची तक्रार केलेली असते. वाडीच्या बैठकीला एखादा आला नाही की बाकीचे ‘तो आला नाही’ एवढंच सांगू शकतात. तो आजारी आहे, की पऱ्याला पाणी आल्यामुळे अडकला, हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून कागद घ्या आणि लिहा: बोलतंय कोण, गप्प कोण. एकच मॉड्यूल गप्प असेल तर त्याचा फ्यूज, त्याची अर्थ आणि त्याचा कपलर. सगळीच गप्प असतील तर ज्या दोन वायरींवर ती एकमेकांशी बोलतात ती मुख्य लाइन, म्हणजे कॅन. यासाठी सगळी मॉड्यूल दाखवणारा स्कॅनर हवा. ब्लूटूथवाला स्वस्त अ‍ॅडॉप्टर बहुधा इंजिनापुरतंच बघतो.

बॅटरी उतरली असेल, धक्का मारून किंवा दुसऱ्या बॅटरीवर गाडी चालू केली असेल, तर जुने यू कोड मेमरीत पडून राहतात. चांगली बॅटरी लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. परत आले तरच पुढे जा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९-१०च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल.

आता मल्टिमीटर. स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायच्या ओबीडी सॉकेटात १६ पिनांची जागा असते. ६ नंबर कॅन हाय, १४ नंबर कॅन लो, ४ आणि ५ अर्थ, १६ बॅटरीचा थेट सप्लाय. १६ वर सप्लायच नसेल तर स्कॅनर कशाला बोलेल? आधी तो फ्यूज बघा.

किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, बहुतेक वेळा मॉड्यूलच्या पोटातच. दोन्ही समांतर, म्हणून रीडिंग ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. ४० च्या आसपास आलं तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर असलेलं मॉड्यूल घातलंय. नव्या गाड्यांत सॉकेट आणि लाइनच्या मध्ये गेटवे, म्हणजे लाइनी वेगळ्या ठेवणारं मॉड्यूल, असतो. तिथे हे रीडिंग गेटवेपर्यंतचंच असतं. बाकीच्या लाइनी गेटवेच्या कपलरवर मोजायच्या, आणि कुठली पिन कुठली ते त्या गाडीच्या वायरिंग डायग्राममध्ये बघायचं.

गेल्या पावसात बंदरावरून मासळी नेणारा एक पिकअप आला. ड्रायव्हर म्हणाला, “मीटरावरचे सगळे दिवे पेटतत, पण गाडी सुरू होणा नाय.” सॉकेटवर १२० ओहम. इंजिन ईसीयूचा कपलर काढला, तरी १२०च. म्हणजे ईसीयूच्या आतला रेझिस्टर आधीही दिसत नव्हता, तुटलेलं त्याच बाजूला. (कपलर काढल्यावर मीटर ‘ओपन’ दाखवता, तर ईसीयूची बाजू शाबूत आणि दुसरं टोक तुटलेलं धरलं असतं.) मग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, धरून मागे मागे गेलो. क्लीनरच्या पायाशी बर्फाचा थर्माकोलचा खोका ठेवायची त्यांची सवय होती. मॅट उचलली तर खालचा फेल्ट पिळून पाणी निघेल इतका ओला, आणि त्यात बुडालेला जॉइंट कपलर. उघडला तर दोन पिना मोरचुदासारख्या निळ्या-हिरव्या, आणि कॅन हायची पिन चिमट्याने धरल्याबरोबर मोडून हातात आली. ईसीयू ठणठणीत होता.

ओहम ठीक आले तर बॅटरी जोडा, किल्ली ऑन करा आणि व्होल्ट मोजा. अर्थपासून ६ नंबरवर साधारण २.५ ते २.८, १४ नंबरवर २.२ ते २.५, आणि दोन्हींची बेरीज ५ च्या जवळपास. लाइन बोलते तेव्हा हाय ३.५ ला चढते, लो १.५ ला उतरते. आपला मीटर त्याची सरासरी दाखवतो. एखादी वायर शून्यावर असेल तर ती बॉडीला लागलीय, १२ दाखवत असेल तर सप्लायला. शॉर्ट असेल तर मीटर लावून ठेवा आणि एकेक मॉड्यूलचा कपलर काढत जा. ज्याच्यापाशी रीडिंग सुधारलं, तिथे शोध. रेझिस्टरवालं मॉड्यूल काढलं की ओहम ६० चे १२० होणारच, त्याला फॉल्ट समजू नका. बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, म्युझिक सिस्टीम, सायरन हे सगळ्यात आधी सोडवा. वायर सोलून टेपने जोडलेल्या जागा मला तिथेच सापडतात.

अर्थिंगवर मी जास्त वेळ घालवतो, कारण आमच्याकडची खारी हवा तिथेच आधी चावते. नुसत्या ओहमवर विसंबू नका. एक तार शिल्लक असली तरी मीटर शून्य दाखवतो. किल्ली ऑन, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मॉड्यूलच्या अर्थ पिनेला. ०.१ व्होल्टपर्यंत चांगलं. त्याहून बरंच जास्त आलं तर बॉडीवरचा लग (वायरीच्या टोकाची कडी) सोडवा, पत्रा चकचकीत घासा, आवळा आणि वरून ग्रीस लावा. सप्लायसाठी मॉड्यूलचा कपलर काढून त्याच्या सप्लाय आणि अर्थ पिनांमध्ये ब्रेकचा २१ वॉटचा बल्ब लावतो. पूर्ण उजेड पडला तर दोन्ही वायरींत दम आहे. हा बल्ब कॅनच्या वायरींवर मात्र कधीही नाही. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना मीटरही लावायचा नाही, बल्बही नाही. तिथे जीवाशी गाठ आहे.

फॉल्ट येऊन-जाऊन असेल तर स्कॅनर किंवा मीटर चालू ठेवून हार्नेस हलवत जा: दरवाजाच्या रबरी नळीपाशी, बॅटरी ट्रेखाली, चाकाच्या वर. उंदरांनी कुरतडलेलं मला बहुतेक वेळा इंजिनवरच्या गरम जागी मिळतं.

दुरुस्तीत घाई नको. मिठाचं पाणी वायरीच्या आवरणातून आत चढतं, तांबं काळं पडतं, आणि काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. लाल चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा, तेवढा नवा तुकडा घाला, आत गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. कॅनच्या एकमेकींत पिळलेल्या दोन वायरींचे जोड समोरासमोर घेऊ नका आणि त्यांचा पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत ठेवा. बाहेरचा विजेचा गोंगाट (नॉइज) त्या पिळामुळेच मरतो. नुसती टेप गुंडाळली तर आमच्या पावसात ती पाणी धरून ठेवते. पिना पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या. कोड पुसा, खड्ड्यांच्या रस्त्याने गाडी फिरवा, ओहम आणि व्होल्ट परत मोजा आणि आकडे जॉबकार्डावर लिहा.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं काढाल तेव्हा गाडीचंही एक काम त्यात धरा. वायपरखालची जाळी उघडून आंब्या-फणसाची पानं काढा आणि तिथली पाण्याची वाट मोकळी करा. ती तुंबली की पाणी ब्लोअरच्या वाटेने डॅशबोर्डखाली उतरतं, आणि पुष्कळ गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल नेमकं तिथेच असतं. आणि कुणी मॉड्यूल बदलायला सांगितलंच, तर आधी तीन आकडे मागा: ६ आणि १४ मधले ओहम, दोन्ही वायरींचे व्होल्ट, आणि त्या मॉड्यूलच्या अर्थवरचा ड्रॉप, म्हणजे तिथे वाटेत हरवलेलं व्होल्टेज.