छोट्या कुत्र्याला सोबत म्हणून मांजर आणताय? या चुका टाळा

आमचा चिकू पाच किलोचा. लोक त्याला पॉमेरियन म्हणतात, पण तो इंडियन स्पिट्झ आहे. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून वाढणारी बहुतेक पांढरी झुबकेदार कुत्री हीच. आम्ही दोघं कामावर निघालो की तो दाराशी बसून रडायचा. शेजारच्या काकूंनी दोनदा सांगून पाहिलं. मग त्याला सोबत हवी म्हणून पार्किंगमध्ये सापडलेलं चार महिन्यांचं मांजर, आमची ठमी, घरी आणली. आज दोघं एका उशीवर झोपतात. पण तिथवर पोचायला अडीच महिने लागले आणि त्यातला निम्मा वेळ आम्ही आमच्याच चुका निस्तरत होतो. सगळ्या चुकांचं मूळ एकच होतं: कुत्र्याचं माप आम्ही मांजराला लावत होतो.

कुत्र्याचं रडणं थांबावं म्हणून मांजर आणणं

ठमी आली तरी चिकू दाराशी रडतच होता. त्याला माणसं हवी होती, मांजर नव्हे. एकटं राहायची भीती कुत्र्याला असते तेव्हा त्याला त्याचीच सवय करावी लागते. किल्ल्या उचलायच्या आणि पुन्हा खाली ठेवायच्या. एक मिनिट बाहेर जायचं, मग तीन, मग दहा. निघण्याआधी चांगलं फिरवून आणायचं. हे आम्ही केलं तेव्हा काकूंची तक्रार थांबली. मांजर घरात पंधरा वर्षं सहज राहतं. तुम्हाला स्वतःला मांजर हवं असेल तरच आणा. आणि तुमचं कुत्रं म्हातारं असेल, कंबर किंवा गुडघे दुखत असतील, तर दिवसभर अंगावर उड्या मारणारं पिल्लू त्याच्या माथी मारू नका. त्याला तीन-चार वर्षांचं, आधी कुत्र्यासोबत राहिलेलं शांत मांजर जास्त मानवतं.

पहिल्याच दिवशी समोरासमोर आणणं

ही आमची सर्वांत महागात पडलेली चूक. ठमीला कडेवर घेऊन मी हॉलमध्ये आले आणि म्हणाले, 'चिकू, बघ कोण आलंय!' चिकू शेपूट हलवत धावला. ठमीने माझ्या खांद्यात नखं रोवली, तिथून फ्रिजवर उडी मारली आणि संध्याकाळपर्यंत खाली उतरली नाही. चिकूच्या नाकावर पंजाचा ओरखडा. कुत्रं छोटं आहे, मग कसली काळजी, असं आपल्याला वाटतं. पण छोट्या कुत्र्याचं तोंड मांजराच्या पंजाच्या अगदी उंचीवर असतं. पग, शिह त्झू यांचे डोळे तर बाहेर आलेले असतात. एका नखाने बुबुळाला जखम होते. डोळा मिटून घेतलेला दिसला, पाणी गळायला लागलं, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शहाण्यासारखं वागलो. ठमीला आतल्या खोलीत ठेवलं: तिचं खाणं, पाणी, वाळूचा ट्रे, लपायला खोका. दार बंद. तिच्या गालांवरून फिरवलेलं फडकं चिकूच्या अंथरुणाशी आणि त्याचं फडकं तिच्या खोक्याशी. मांजराच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात, तिची खरी ओळख तिथे असते. मग दोघांच्या वाट्या बंद दाराच्या दोन बाजूंना, आधी लांब, रोज थोड्या जवळ. दोघं निवांत जेवायला लागल्यावरच दाराला फट. समोरासमोर आणलं ते बाराव्या दिवशी, तेही चिकूला पट्टा लावून, पाच मिनिटांसाठी. त्याने नजर ठमीवरून काढून माझ्याकडे वळवली की लगेच खाऊ. किती दिवस लागतील हे कॅलेंडर बघून ठरवू नका. मांजर दिवसभर काहीच खात नसेल, तर मात्र 'रुसलं असेल' म्हणत बसू नका. उपाशी मांजराचं यकृत बिघडतं, म्हणून डॉक्टरांना फोन करा.

या दोन आठवड्यांचा आणखी एक फायदा. रस्त्यावरून आलेल्या मांजराबरोबर पिसवा, जंत, गजकर्ण घरात येतं, आणि गजकर्ण कुत्र्याला आणि तुम्हालाही होतं. तपासणी आणि लस याच काळात उरकून घ्या.

शेपटीचा अर्थ चुकीचा लावणं

चिकूची शेपूट सैल हलते तेव्हा तो खुशीत असतो. ठमीची शेपूट सपासप हलते तेव्हा तिचा पारा चढलेला असतो. चिकू पाठीवर पडला की तो नमतं घेत असतो किंवा खेळायला बोलावत असतो. भांडणात मांजर पाठीवर पडतं ते चारही पंजे मोकळे करायला. ठमी फिस्कारली म्हणून तिला ओरडू नका. ती 'लांब राहा' सांगतेय, मारत नाहीये. चिकूचं गुरगुरणंही दाबू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. काळजी करायची ती कुत्रं ताठ उभं राहून, तोंड मिटून, पापणी न हलवता मांजराकडे बघत राहिलं तर. तिथे मध्ये पडून त्याला हाक मारून बाजूला घ्यायचं.

उंची आणि ट्रे

मांजराला जमिनीला पाय न लावता खोली ओलांडता आली पाहिजे. कपाट, फळी, खिडकीचा कट्टा, एवढं पुरतं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी लावा.

ट्रेच्या बाबतीत मोठ्या कुत्र्यांसाठी सांगितलेला, दाराला छोटी फट ठेवायचा उपाय आपल्याला उपयोगाचा नाही. मांजर जाईल एवढी फट ठेवली की चिकूही त्यातून जातो. आणि कुत्री मांजराची शी खातात, हे किळसवाणं असलं तरी खरं आहे. त्यासोबत गुठळी होणारी वाळू पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. आम्ही ट्रे ड्राय बाल्कनीतल्या ओट्यावर ठेवला. ठमी उडी मारून जाते, चिकूला पोचत नाही.

एकाच डब्यातून खाणं, एकाच बाटलीतून औषध

मांजराला टॉरिन हे पोषक द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं. कायम कुत्र्याच्या खाण्यावर ठेवलं तर हळूहळू तिचे डोळे आणि हृदय दोन्ही खराब होतात. उलट मांजराचं जास्त चरबीचं खाणं चिकूला जुलाब लावतं आणि जाड करतं. म्हणून ठमीची वाटी उंचावर, आणि अर्ध्या तासात उचलायची. मांजर डोळे मिटून दूध पितं असं आपली भाषाच सांगते, पण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

औषधाच्या बाबतीत मी जरा जास्त बोलणार आहे. पावसाळ्यात चिकूला गोचीड झाले. दुकानात मानेवर टाकायचे थेंब घेतले. दुकानदार म्हणाला, 'मांजराला पण यातलेच अर्धे टाका.' मी खोका उलटा करून वाचला. बारीक अक्षरात परमेथ्रिन या कीटकनाशकाचं नाव लिहिलं होतं आणि शेजारी फुली मारलेलं मांजराचं चित्र. तिथूनच आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, 'घरी नेऊच नका. ठमी त्याची मान चाटते ना?' परमेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजराच्या शरीराला ते मोडता येत नाही. थरथर, लाळ, झटके, आणि जीव जातो. कुत्र्याच्या ओल्या मानेला अंग घासलं तरी धोका असतो. दोघं असलेल्या घरात कोणतंही गोचीडाचं औषध घेताना डॉक्टरांना 'घरात मांजर आहे' हे आधी सांगा. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते. फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून ती चालते आणि मग पंजे चाटते, म्हणून आम्ही फिनाईल बंदच केलं.

जमलं म्हणून ढिलं सोडणं

दोन महिन्यांनी दोघं शेजारी लोळायला लागली होती. दिवाळीत खाली सुतळी बॉम्ब फुटला. ठमी दचकली, समोर चिकू दिसला आणि तिने त्याच्यावरच झडप घातली. घाबरलेलं मांजर राग असा जवळच्यावर काढतं, त्यात वैर नसतं. पण चिकूला ते कसं कळणार? तो सोफ्याखालून निघेना. आम्ही ठमीला खोलीत ठेवलं, दार लावलं आणि फडक्यांपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी नऊ दिवस लागले.