रजिस्ट्रीची फाइल लगेच उघडू नका

नवा रेसिडेंट माझ्याकडे येतो तो ठरलेलं वाक्य घेऊनच: "मॅडम, रजिस्ट्रीचा डेटा मिळालाय, काहीतरी पेपर काढू या." (रजिस्ट्री म्हणजे एखाद्या आजाराच्या किंवा शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या ठरावीक नोंदींचा साठा.) मी विचारते, प्रश्न काय आहे? मग तो फोनकडे बघतो.

म्हणून पहिला आठवडा फाइल बंद. प्रश्न एका वाक्यात लिहायचा: कोणते रुग्ण, कशाची कशाशी तुलना, काय घडलं, किती दिवसांत. मग त्यातला एकेक शब्द डेटा डिक्शनरीत, म्हणजे प्रत्येक रकान्याचा आणि कोडचा अर्थ सांगणाऱ्या यादीत, शोधायचा. रजिस्ट्री शस्त्रक्रियेनंतर ३०च दिवस नोंदी ठेवत असेल, तर वर्षभरानंतरच्या गुंतागुंतीचा प्रश्न तिथेच सोडा. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. एथिक्स कमिटीकडेही याच आठवड्यात जा, फाइलमध्ये नावं नसली तरी.

त्यानंतर कागदावर रिकामे तक्ते आखा. आकडे नकोत, फक्त रकाने. तक्ता आखता येत नसेल तर प्रश्न अजून कच्चा आहे.

आता फाइल उघडा आणि प्रत्येक व्हेरिएबलची, म्हणजे रकान्याची, नुसती मोजणी करा. मी रेसिडेंट असताना हे केलं नाही, आणि माझ्या रुग्णांचं सरासरी वय ९६ आलं. वय माहीत नसलेल्यांपुढे ९९९ लिहिलं होतं. ती चूक किमान ओरडून तरी सांगत होती. धूम्रपानाच्या रकान्यात ० म्हणजे नाही, १ म्हणजे हो आणि ९ म्हणजे माहिती नाही, हा ९ तसाच रिग्रेशनमध्ये (कोणत्या घटकाचा किती परिणाम, हे काढणाऱ्या गणितात) गेला तर उत्तर गुपचूप चुकतं. आणि मधुमेहाची चौकट कोरी असेल तर मधुमेह नाही, की कुणी विचारलंच नाही? हे डिक्शनरीत नसेल तर नोंदी भरणाऱ्यांना विचारा.

आजाराचं प्रमाण एखाद्या वर्षी अचानक उडी मारत असेल तर आधी कोडिंग, म्हणजे आजारांना दिलेले सांकेतिक क्रमांक, तपासा. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-९ ही आजारांच्या कोडची यादी जाऊन आयसीडी-१० आली. तिथल्या डेटात ती तारीख डोक्यात ठेवावीच लागते.

सगळ्यात जास्त फसवते ती वेळ. ज्याला दहाव्या दिवशी औषध सुरू झालं, तो दहा दिवस जगला हे उघडच आहे. त्याचे दिवस भरतीपासून मोजून औषध न मिळालेल्यांशी तुलना केली, तर निव्वळ पाणीसुद्धा जीव वाचवताना दिसेल. दिवस कधीपासून मोजायला सुरुवात केली, हे दोन्ही गटांसाठी लिहून काढा.

पी-व्हॅल्यूवर (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्यावर) फार खूश होऊ नका. लाखभर रुग्णांत हिमोग्लोबिनचा ०.१ ग्रॅमचा फरकही 'सिग्निफिकंट' येतो. त्यावर वॉर्डात कुणी काही बदलणार आहे का?

निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासाच्या पेपरात काय काय लिहायचं हे सांगणारी 'स्ट्रोब'ची चेकलिस्ट आणि नेहमीच्या नोंदींवरच्या अभ्यासांसाठी २०१५ साली आलेली तिची 'रेकॉर्ड' ही पुरवणी सुरुवातीलाच छापून टेबलावर ठेवा. आणि मूळ फाइलला हात लावू नका, प्रत्येक बदल कोडमधूनच करा. एक्सेलमध्ये हाताने खोडलेले ९९९ नेमके किती होते, हे रिव्ह्यूअर सहा महिन्यांनी विचारतो.