दुधातुपाशिवाय कडधान्ये रांधताना

व्हीगन, म्हणजे दूध, तूप, मध असा कोणताही प्राणिजन्य पदार्थ नसलेला, स्वयंपाक पहिल्यांदाच करून पाहणारे बरेचजण आधी बदामाचे दूध, सोयाचे पनीर आणि बिनदुधाचे चीज यांच्या मागे लागतात आणि त्यांची किंमत व चव या दोहोंनी हिरमुसले होऊन आठवडाभरात पूर्वपदावर येतात. मराठी घरात एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. मटकीची उसळ, चवळीची आमटी, कुळथाचे पिठले, काळ्या वाटाण्याची उसळ हे पदार्थ मुळातच दुधाविना होतात. अडचण असते ती फोडणीतल्या चमचाभर तुपाची, मिसळीवरच्या दह्याची आणि जेवणाच्या शेवटी लागणाऱ्या ताकभाताची. म्हणून सुरुवात कडधान्यांपासून करावी आणि पहिले काही दिवस नवे पदार्थ शिकण्याऐवजी हाताला सवय असलेल्या पदार्थांतूनच दूधदुभते वगळून पाहावे, असे माझे मत आहे.

फोडणीसाठी शेंगदाण्याचे तेल उत्तम. कोकणी वळणाच्या भाज्यांना खोबरेल तेलही शोभते. तुपाची उणीव सर्वांत जास्त भासते ती साध्या वरणभातावर, आणि तिथे तुपाऐवजी नुसते तेल ओतून कोणाचेही समाधान होत नाही. त्यापेक्षा त्या दिवशी साधे वरण न करता लसणीच्या चरचरीत फोडणीची, चिंचगुळाची आमटी करावी, म्हणजे तुपाची आठवण होत नाही. ताकाची जागा सोलकढी घेते. मिसळीवर दही नको असेल तर लिंबू आणि बारीक चिरलेला कांदा पुरेसा होतो. पाव मात्र विचारून घ्यावा, कारण काही बेकऱ्यांमध्ये पिठात दुधाची भुकटी घालतात किंवा वरून लोणी लावतात. बाजारातल्या पाकिटावरचा हिरवा ठिपका एवढेच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. त्यात दूध, तूप किंवा मध असू शकतो. व्हीगन पदार्थांसाठी भारतात २०२२ मध्ये स्वतंत्र नियम आणि वेगळे बोधचिन्ह आले आहे. ते चिन्ह नसेल तर घटकांची यादी वाचणे हाच मार्ग उरतो.

आता मूळ सामग्रीकडे वळू. कडधान्य जितके जुने तितके ते हट्टी. उष्ण, दमट हवेत महिनोन्महिने पडून राहिलेला राजमा कितीही शिट्ट्या दिल्या तरी मऊ होत नाही, म्हणून खप असलेल्या दुकानातून थोडे थोडे घ्यावे आणि जुन्या डब्यात नवे कडधान्य मिसळू नये, कारण दोन्ही एका वेळी शिजत नाहीत. निवडताना भोके पडलेले दाणे काढून टाकावेत. भिजल्यानंतरही टणक राहिलेले गणंग दाणे तेव्हाच वेचावेत, नाहीतर ते जेवताना दाताखाली येतात.

अगदी पहिल्या दिवशी अख्खे मसूर किंवा चवळी घ्यावी. मसूर तासाभर भिजवले तरी चालतात, आणि चवळी तीन-चार तासांत शिजण्याजोगी होते. राजमा, छोले व काळे वाटाणे यांना मात्र रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास, भरपूर पाण्यात ठेवावे लागते. दाणे फुगून दुप्पट-अडीचपट होत असल्याने भांडे मोठे घ्यावे. राजमा किंवा छोले भिजवताना एक लिटर पाण्याला साधारण एक मोठा चमचा मीठ घातले तर साली मऊ पडतात आणि शिजताना फाटत नाहीत. मिठाने कडधान्य कडक होते हा समज सर्वत्र आहे, पण तो खरा नाही. खरी अडवणूक करते ती आंबट वस्तू: टोमॅटो, चिंच, आमसूल यांपैकी काहीही दाणा पूर्ण शिजण्यापूर्वी पडले तर तो तिथेच अडून बसतो. बोअरच्या जड पाण्यानेही असेच होते, कारण त्यातले क्षार सालीला धरून ठेवतात. अशा घरी कडधान्यापुरते पिण्याचे गाळलेले पाणी वापरून पाहावे. खाण्याचा सोडा चिमूटभर घातल्यास काम लवकर होते हे खरे, पण त्याने ब जीवनसत्त्वांपैकी थायमिनचा नाश होतो आणि जास्त पडल्यास साबणासारखी चव येते, म्हणून तो शेवटचा उपाय समजावा.

राजम्याबाबत एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते आणि चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी काही तासांत उलट्या व जुलाब होऊ शकतात. निदान ५ तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळल्यावर हे द्रव्य निष्प्रभ होते. त्यासाठी किमान १० मिनिटांची उकळी सांगितली जाते आणि अर्धा तास उकळणे अधिक सुरक्षित मानले जाते. आपल्या कुकरमध्ये ही काळजी आपोआप घेतली जाते. परदेशात राहणारे मराठी लोक मात्र मंद आचेचे विजेचे भांडे (स्लो कुकर) वापरतात, आणि त्यात कच्चा राजमा थेट घालून दिवसभर ठेवल्यास तापमान उकळीपर्यंत न पोहोचता विषारीपणा उलट वाढू शकतो. त्यांनी राजमा आधी गॅसवर उकळून घ्यावा किंवा डबाबंद शिजवलेला राजमा धुऊन वापरावा.

कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, कारण कडधान्याचा फेस शिट्टीत अडकतो. शिट्ट्या मोजण्यापेक्षा वेळ मोजणे बरे: रात्रभर भिजलेल्या राजम्याला एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर साधारण २० मिनिटे लागतात, मग वाफ आपोआप जिरू द्यावी. दाणा जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबल्यावर विनासायास चुरडला पाहिजे. रस्सा दाट करण्यासाठी साय किंवा लोण्याची गरज पडत नाही; पळीभर शिजलेले दाणे घोटून परत घालावेत, किंवा दाण्याचे कूट अथवा भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण लावावे.

एवढे हातात बसले की वालाचे बिरडे करावे. दुधातुपाविना किती श्रीमंत चव येऊ शकते हे बिरडे जितके पटवते तितके दुसरे काही पटवत नाही. रायगड जिल्ह्यात भाताचे पीक निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतात. त्या बाजूचे कडवे वाल मिळाले तर सोडू नयेत. चौघांसाठी पाव किलो वाल सकाळी भिजत घालावेत, रात्री उपसून, धुऊन ओल्या फडक्यात घट्ट बांधावेत आणि झाकून ठेवावेत. उन्हाळ्यात दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत त्याहून जास्त वेळ लागतो. दरम्यान फडके वाळू देऊ नये. मोड आले की दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत. मग एकेक दाणा दोन बोटांत हलकेच दाबला की साल हातात राहते आणि मोडासकट पिवळसर डाळिंबी सटकन बाहेर येते. हे काम कंटाळवाणे आहे यात शंका नाही, आणि घरातल्या सर्वांना भोवती बसवून ते वाटून घेणे हाच त्यावरचा उपाय आहे.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, हळद व कढीपत्त्याची फोडणी करावी, बारीक चिरलेला एक कांदा मऊ होईपर्यंत परतावा आणि निथळलेल्या डाळिंब्या घालाव्यात. पातेल्यावर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतावे. ते तापले की तेच पाणी लागेल तसे आत घालावे, म्हणजे शिजण्यात खंड पडत नाही. डावाने ढवळल्यास डाळिंब्या मोडतात, म्हणून पातेलेच फडक्याने धरून हलवावे. दहा-पंधरा मिनिटांनी दाणा अखंड दिसूनही बोटाने सहज दबू लागला, की तिखट, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि तीन-चार आमसुले घालावीत, त्याआधी नाही. दोनेक मिनिटांनी अर्धी वाटी नारळाचे दाट दूध घालून एक वाफ येताच गॅस बंद करावा. दूध उकळले तर फुटते आणि वर तेलाचे थेंब तरंगतात. वरून ओले खोबरे व कोथिंबीर घालावी आणि तांदळाच्या भाकरीबरोबर वाढावे.

आहाराच्या दृष्टीने पाहता १०० ग्रॅम कोरड्या कडधान्यात साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांत जे अमिनो आम्ल कमी पडते ते तांदूळ, ज्वारी, गहू यांत असते आणि धान्यांत जे कमी असते ते कडधान्यांत असते, म्हणून भाकरी-उसळ ही जोडी पूर्ण ठरते. कडधान्यातले लोह अंगी लागावे म्हणून ताटात लिंबाची फोड असावी आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. दूध सुटल्यावर कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आणि तीळ नियमित असावेत. ब-१२ जीवनसत्त्व मात्र कडधान्यांतून काय, कोणत्याही वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. प्रयोग चार दिवसांपुरता असेल तर काळजी नाही, पण तो कायमचा करायचा असल्यास डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करणे टाळू नये.

सवय नसलेल्यांना पहिल्या आठवड्यात पोटात वायू धरतो. कडधान्यातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत आणि पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात, हे त्याचे कारण आहे. भिजवलेले पाणी टाकणे आणि मोड आणणे यांनी त्या कमी होतात. हिंग-आले असतेच, पण वाटीभर उसळीऐवजी आधी अर्ध्या वाटीने सुरुवात करून प्रमाण हळूहळू वाढवणे याचा उपयोग अधिक होतो.

नोकरी करणाऱ्यांनी रविवारी जास्तीचा राजमा किंवा छोले फोडणीशिवाय शिजवून, त्यांच्याच पाण्यासह लहान डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवावेत, म्हणजे आठवड्यात केवळ फोडणीचे काम उरते. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये कोरड्या फडक्यात दोन-तीन दिवस टिकते. नारळाचे दूध घातलेले बिरडे मात्र त्याच दिवशी संपवावे, कारण पुन्हा गरम करताना दूध फुटते.